वाहून आलेलं पिंप

वादळानंतर तीन दिवस सांडोरला नळ कोरडे होते, आणि आमची विहीर पुरानं गढूळ झालेली. वाडीत केळीला अडकलेलं निळं पिंप क्लिफर्डनं ओढून आणलं, तेव्हा मला नवऱ्याचं चक्क कौतुक वाटलं. एरवी तशी वेळ फारशी येत नाही. गोखिवऱ्याकडची रसायनांची गोदामं बुडाली होती. पिंप तिथलंच असणार, हे कळत होतं. पण अशी पिंपं इथे घरोघरी आहेत. साबणानं तीनदा घासलं आणि टँकरचं पाणी भरलं. आमची चार वर्षांची स्टेफी तापानं फणफणलेली, सारखी पाणी मागत होती. उकळलं की झालं, म्हणून मी पातेलं घेऊन अंगणात आले.

भर दुपार होती. वारा नव्हता. पिंपामागून खोकला आला... खोल, धाप लागणारा. तो मी दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता. शेजारचे क्लेमेंट अंकल, मूळचे पाचूबंदरचे. जन्म अशाच गोदामात गेला, छातीच्या दुखण्यानं वारले. गेल्या ईस्टरला त्यांना माती दिली होती.

भरलेलं पिंप हळूहळू कलायला लागलं. अशक्त माणूस खांदा लावतो, थांबतो, दम घेतो, तसं. उग्र वास सुटला.

"अंकल...?"

"बाय... पोरीला ह्यातलं पानी नको..."

पिंप आडवं झालं. पाणी अंगणभर पसरलं.

संध्याकाळी त्या डबक्यापाशी आमच्या तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या.

"फेलिशिया, स्टेफीला ते पाणी...?" क्लिफर्डनं विचारलं.

"नाही दिलं," म्हणताना मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा फिरली: वाहून आलेली पिंपं वापरू नका, धुऊनही नाही, त्यातलं पाणी उकळूनही नाही.

रविवारी चर्चमध्ये अंकलच्या नावानं मिस्सा ठेवली. थडग्यावर मेणबत्ती लावून मनापासून म्हटलं, "अंकल, आमची पोर तुमच्यामुळे आहे." त्यांच्या खोकल्याला वैतागून धाडकन खिडकी लावणारी मीच. फार लाज वाटली.

पुढे विहीर उपसली, पाणी तपासून घेतलं. कागदावर 'पिण्यास योग्य' आलं. तरी स्टेफीला बाटलीचंच देत राहिलो; आधी आम्ही दोघांनी आठ दिवस विहिरीचं पिऊन बघितलं. काही झालं नाही.

काल विहिरीच्या पाण्याचा पहिला पेला तिच्यापुढे ठेवला. शेजारी कुणीतरी दम घेतला... आणि पेला सावकाश कलंडला.

"थँक्यू, अंकल," मी हात जोडून म्हटलं. मग टेबलावरच्या आमच्या दोन पेल्यांकडे लक्ष गेलं. आठ दिवस त्यांतूनच आम्ही विहिरीचं पाणी पीत होतो; ते मात्र एकदाही कुणी कलंडवले नव्हते.