महिपतची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. जिच्यासोबत घडली ती मैनामावशी, माझ्या आईची मावसबहीण, खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. उलट खरं बोलून भांडणं ओढवून घ्यायची.

सन १९३२. मार्गशीर्षातली अमावस्या.

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीच्या बाजूला म्हाताऱ्या शिपायांसाठी एक घर होतं. मैना तिथे रांधायची, कारण तिचा बाप महिपत तिथेच राहायचा. बापावाचून तिला जवळचं कुणी नव्हतं.

पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत तोफेने महिपतचे कान गेले होते. ठार बहिरा.

घरामागे कुंपणाला जांभ्या दगडांचा गडगा. पलीकडे गोऱ्या पलटणीचं जुनं कबरस्तान.

तिन्हीसांजेला तिथून कधीकधी... हजेरी घेतल्याचा आवाज यायचा.

नावं आपली. उच्चार गोऱ्याचा.

"ओ द्यायची नाय," म्हातारे एकमेकांना बजावायचे. पण जन्माची सवय, ती जाते थोडीच? एकदा त्यांच्यातल्या भिकाजीच्या तोंडून 'हजर' निघून गेलं. सकाळी तो उठलाच नाही.

मैना मात्र निर्धास्त होती. बहिऱ्याला हाकेची कसली भीती!

त्या सांजेला ती कुळथाची पिठी ढवळत होती. रातकिडे एकदम गप्प झाले.

मग...

"माहिपाट!"

तिने वळून पाहिलं. बाप पडवीत ताठ उभा होता. टाचा जुळलेल्या.

त्याने ऐकलं होतं.

त्याचे ओठ हलले. मैना धावली आणि पिठाचा हात तिने त्याच्या तोंडावर दाबला.

"बा, नको! तुझ्या पाया पडतंय!"

पुन्हा हाक आली... गडग्याच्या अलीकडून.

म्हातारा तिचा हात ओढून काढू लागला. तिची ताकद संपत आली.

"हजर!"

ओ दिली होती त्याच घरात राहणाऱ्या केरू नाईकाने. केरू महिपतचा पलटणीतला जोडीदार. पलटणीत एकाला उशीर झाला की दुसरा त्याची हजेरी द्यायचा.

"तुला बापूस पायजे गो," केरू तिला म्हणाला. "माझ्यामागं कोण हाय रडायला?"

सकाळी केरू अंथरुणात थंडगार पडला होता. मैना सख्खा काका गेल्यासारखी रडली.

दुसऱ्या सांजेला पुन्हा महिपतचं नाव आलं. मैना बापाकडे धावली.

आणि गडग्यापलीकडून...

"हजर!"

आवाज केरूचा.

"केरू आला काय गो?" बहिरा बाप हसून विचारत होता.

महिपत आणखी पाच वर्षं जगला. हाक येईल त्या सांजेला त्याचा दोस्त त्याची हजेरी देत राहिला. शेवटी महिपत गेला, तेव्हा चिता विझायच्या आत सांज झाली. मैना मुद्दाम गडग्याशी जाऊन उभी राहिली.

नाव आलं. 'हजर' आलं.

या वेळी आवाज... बापाचा होता.

मग केरू सुटला का? मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिन्हीसांजेला कुणी नाव घेतलं तर ती ओ देत नसे. हाक मारणाऱ्याला समोर येऊन उभं राहावं लागे.

मीही देत नाही.