लाद्यांखालचं बिऱ्हाड

काकूंनी एकदा एक नेम धरला होता. ही गोष्ट सांगायची तर त्या नेमापासूनच सांगायला हवी.

त्यांच्या लेकीला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा कूस रिकामीच राहिली होती. तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यातच काकूंनी तिला आपल्याकडे आणून ठेवलं. जावई कामाच्या गावी राहिले, आठवड्याला येऊन जायचे. ज्या दिवशी लेक आली त्या संध्याकाळी काकू देवापुढे बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "हे लेकरू धडधाकट माझ्या मांडीवर येईपर्यंत मी कुणाचंही घर मोडणार नाही. मुंगीचंसुद्धा नाही."

काकू बोलल्या म्हणजे बोलल्या. न्हाणीघरातल्या कोळ्याचं जाळं तसंच राहिलं. गिझरच्या मागे कबुतरांनी काड्यांचा पसारा मांडला, तोही राहिला. साखरेच्या डब्यात मुंग्यांनी संसार थाटला तेव्हा काकूंनी तो डबाच मुंग्यांना देऊन टाकला आणि दुसरा काढला.

काका म्हणाले, "दारावरच्या पाटीत त्यांची नावं घाल म्हणजे झालं. आपलं खाली, बारीक अक्षरात."

"चेष्टा करा तुम्ही. देव ऐकतोय."

"तो ऐकेल गं. कबुतरं ऐकू देतील तेव्हा."

दिवस बरे चालले होते. डॉक्टरीणबाईंनी लेकीला रोज घराभोवती सावकाश दहा फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. घराच्या चारी बाजूंनी काँक्रीटच्या लाद्या टाकलेल्या होत्या, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढ्या रुंद. जुनं काम होतं, पण पक्कं. फक्त मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या पाच लाद्या गेल्या पावसाळ्यानंतर खचल्या होत्या. एक भिंतीकडे कललेली, दुसरी तिच्यापासून चार बोटं खाली, तिसरीचा कोपरा वर आलेला. पाणी साचायचं, शेवाळ धरायचं. सगळे तिथून पाय जपून टाकायचे आणि पुढे विसरून जायचे.

सातवा महिना लागला आणि एका सकाळी लेकीचा अंगठा त्या वर आलेल्या कोपऱ्याला अडला. भिंत हाताशी होती म्हणून वाचली. पडली नाही, पण काकूंनी त्या दिवशी तिला पुन्हा अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. काकांनी जेवणसुद्धा न करता मिस्त्रींना बोलावून आणलं.

मिस्त्री म्हणजे पिढीजात गवंडी. या घराचं जोतं त्यांच्या वडिलांनी भरलेलं. त्यांनी आल्या आल्या चपला काढल्या, उकिडवे बसले आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने एकेक लादी वाजवून पाहिली. बाजूची लादी वाजवली तर ठक्क. खचलेली वाजवली तर... ढब्ब. बंद खोलीचं दार कुणी बाहेरून वाजवावं तसा आवाज.

"पोकळ आहे काकू. छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं इथे पडतंय. खालची माती धुऊन गेली. लादी चांगली आहे, तिला आधार नाही एवढंच. फोडायची गरज नाही. भोकं पाडू, खालून सिमेंटचा पातळ माल पंपाने भरू. लादी आपसूक वर येईल."

"भरायचं म्हणजे... बुजवायचं?"

"मग काय मोकळं ठेवायचं?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खाली कुणी राहत असलं तर?"

"असेल एखादी घूस," मिस्त्री हसले. "तिला काय, दुसरं बीळ."

काका म्हणाले, "झालं! आता घुशीला घर सोडायची नोटीस द्यावी लागणार."

ते थट्टेत म्हणाले, पण काकूंना तेच पटलं. एकीकडे लेकीचा पाय, दुसरीकडे देवापुढे दिलेला शब्द. आधी सांगून, वेळ देऊन, कुणी आपणहून गेलं तर घर मोडलं असं थोडंच होतं? त्यांनी मिस्त्रींना गळ घातली, "आज नुसती भोकं पाडा. माल उद्या भरा. एवढं माझं ऐका."

मिस्त्रींनी पन्हळीला नळी जोडून पाणी लांब काढून दिलं. मग ड्रिलने पाचही लाद्यांना अंगठ्याएवढी भोकं पाडली आणि खोली बघायला लोखंडी गज आत सोडला. एक हात गेला. दोन हात गेला. चार हात, म्हणजे अख्खा गज गेला, तरी तळ लागेना. मिस्त्रींनी गज वर ओढून त्याचं टोक चाचपलं. कोरडं होतं. त्यांनी ते बोट उगाचच पँटला पुसलं.

"बरंच धुपलंय," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपार झाली. काका वाचनालयात गेले, लेक झोपली. काकू मागच्या दारी आल्या. वारा पडला होता. भर उन्हात अंगणात एक पान हलत नव्हतं, आणि तरीही भोकांच्या कडेला साचलेली काँक्रीटची पांढरी पूड... हलत होती. जराशी बाहेर सरकायची, थांबायची, पुन्हा आत ओढली जायची. पाचही भोकांपाशी, एकाच वेळी.

काकू खाली बसल्या. भोकातून ऊबदार वास येत होता. ओल्या मातीचा नव्हता, घुशीचा तर नव्हताच. तान्ह्या मुलाच्या टाळूला असतो ना, दुधट, गोडसर... तसा.

काकूंना भीती वाटायला हवी होती. वाटली ती कणव.

"हे बघा," त्या भोकाशी तोंड नेऊन हळू बोलल्या, "उद्या सकाळी इथे माल भरणार आहेत. माझ्या लेकीला ठेच लागते हो. राग मानू नका. तेवढ्यात आपली सोय बघा."

पूड स्थिर झाली. कुणी ऐकायला श्वास धरावा तशी.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच उठायला हवं होतं. पण दारात उभ्या असलेल्याला नुसतं 'जा' म्हणून परतवायचं काकूंच्या जिभेला जमलं नाही. जन्मभराची सवय. बोहारीण असो, वाट चुकलेला माणूस असो, निरोप देताना चार गोड शब्द जायचेच. त्या उठता उठता म्हणून गेल्या, "आणि नाहीच कुठे जागा मिळाली... तर आमचं घर आहेच. परकं समजू नका."

पायांखाली काहीतरी कूस बदलून सरकलं. फार हळू. आधी लांबच्या भोकाची पूड खाली गेली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची... एकामागून एक, भिंतीच्या दिशेने. मग ती ऊब गेली, वास गेला आणि वारा सुटला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी माल कालवला. चांगली बारा पोती सिमेंट लागेल असा त्यांचा अंदाज होता. तिसऱ्या पोत्यालाच लाद्या कुरकुरल्या, उचलल्या आणि बाजूच्या लाद्यांना येऊन भिडल्या. मिस्त्रींनी पंप बंद केला. पाण्याची नळी धरून पातळी पाहिली. केसाचाही फरक नव्हता. पण चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसेना.

"काल गज चार हात गेला होता ना हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"गेला होता की."

"मग एवढ्यात भरलं कसं..." दांड्याने त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. ठक्क. ठक्क. पाचही भरीव.

"अहो, तुमच्या हाताला यश आहे असं म्हणा," काका म्हणाले आणि स्वतःच लाद्यांवरून चालून आले, छाती काढून.

चार दिवस सुखाचे गेले. लेक बेधडक फेऱ्या मारत होती. पाचव्या दिवशी सकाळी काकूंच्या हातून लाटणं निसटलं आणि स्वयंपाकघरात, मोरीजवळच्या फरशीवर पडलं.

ढब्ब.

काकूंनी लाटणं उचललं. जरा इकडे, जरा तिकडे वाजवून पाहिलं. मोरीपासून ओट्यापर्यंत सगळं पोकळ. कुणाला काही न बोलता त्यांनी पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर भरीव झालं होतं. ढब्ब आवाज आता मधल्या बोळात येत होता. तिसऱ्या दिवशी बोळ भरीव. आवाज लेकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी.

 सकाळ-संध्याकाळ काकू लाटणं घेऊन घरभर वाकून फिरायच्या. लेक विचारायची, "आई, काय गं शोधतेस?" त्या म्हणायच्या, "झुरळ." नेम माहीत असलेली लेक हसायची, "सापडलं की त्याला चहा देशील तू."

अखेर त्यांनी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं आणि काकांसमक्ष सगळं सांगितलं. भोकाशी काय बोलल्या तेही. काका या वेळी काही थट्टेचं बोलले नाहीत. मिस्त्रींनी उंबऱ्याशी दांडा टेकवला. ढब्ब. मग ते आत गेले. लेक पुढच्या खोलीत होती. पलंगाखाली हात घालून त्यांनी वाजवलं आणि हात झटकन बाहेर घेतला.

"काकू, इथे माझ्या बापाने मुरूम ठासून भरलाय. मी लहानपणी पायांनी तुडवलाय तो. इथे पोकळी व्हायला जागाच नाही."

"मग?"

"फोडतो. आता, या मिनिटाला. जे असेल ते दिसेल."

काका लगेच म्हणाले, "फोडा."

काकू पलंगाला टेकून उभ्या राहिल्या. आपणच बोलावलं. घर आहेच म्हणून सांगितलं. आता पहार घालायची? नेम मोडायचा, तोही लेकीला सातवा महिना असताना? आणि नाही मोडला तर... पलंगावर झोपणार कोण?

"आजची रात्र ती माझ्या खोलीत झोपेल," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी फोडा. मी देवाची क्षमा मागेन."

सकाळी मिस्त्री पहार घेऊन आले. फोडण्याआधी सवयीने त्यांनी दांडा वाजवला. ठक्क. पलंगाखाली, उंबऱ्याशी, बोळात, मोरीशी, मागच्या दारी... सगळं घर कसं एकाच आवाजात वाजत होतं. भरीव. मिस्त्री घाम पुसत उभे राहिले आणि काका भिंतीला पाठ लावून खाली बसले. "गेलं वाटतं," ते म्हणाले. "सुटलो बुवा."

काकू धावत आपल्या खोलीत गेल्या. लेक उठून बसली होती, दोन्ही हात पोटावर. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"आई, तू घाबरशील म्हणून बोलले नव्हते. दोन दिवस बाळ हललंच नव्हतं गं. मी नुसती मोजत बसायचे... काही नाही. आज पहाटे हललं. इतकं जोरात, की पलंग हलला."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिच्या शेजारी बसल्या, तिचं डोकं छातीशी घेतलं.  देवाकडे लेकरू मागितलं होतं. लेकरू मिळत होतं. वाट कुठली, हे त्यांनी विचारलं नाही.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा. वजन चांगलं, रंग तुकतुकीत, डॉक्टरीणबाई खूश. बाळ रडत म्हणून नाही. नुसतं टकामका बघतं. टाळूला हुंगावं तर तोच दुधट, गोडसर वास, आणि काकूंना त्याची माया आली ती अशी, की बोलून सोय नाही.

दीड महिन्याचं झालं तेव्हा मिस्त्री बघायला आले. हात धुऊन, कौतुकाने त्यांनी बाळाला खांद्याशी धरलं. नुकतंच दूध पिऊन झालं होतं, म्हणून लेक म्हणाली, "जरा थोपटा ना मिस्त्रीकाका, ढेकर काढायचाय."

मिस्त्रींनी पाठीवर थोपटलं. एकदा... दोनदा. मग त्यांचा हात हवेत तसाच थांबला.

थोपटल्याचा आवाज मात्र आणखी दोनदा आला. आतून.

मिस्त्रींनी बाळ अलगद काकूंच्या हातात दिलं.   काकूंनी त्याला पोटाशी धरलं, पाठीवरून सावकाश तळवा फिरवला, वरून खाली, वरून खाली... आणि त्याने डोळे मिटले.

लेकीला यातलं काही ठाऊक नाही. तिला सुखाने दोन घास जाताहेत, जाऊ देत. पोर गुणी आहे, हसतं, आजीला ओळखतं. अजून काय हवं असतं माणसाला? तुम्ही त्याला बघायला जाल तेव्हा जरूर मांडीवर घ्या, तोंडभर आशीर्वाद द्या. फक्त एवढं करा, काकू करतात तसंच करा. पाठीवर थोपटू नका. नुसता हात फिरवा.