नापास व्हायचं गणित

काचेच्या दारावर धाडकन आवाज झाला आणि माझ्या हातातलं भिंग खाली पडता पडता वाचलं. बाहेर एक उंच माणूस कपाळ चोळत उभा होता. एका हातात चष्म्याचा डावा अर्धा भाग, दुसऱ्या हातात उजवा.

“दार उघडं आहे असं वाटलं,” तो आत येत म्हणाला.

“दार हातानं ढकलायचं असतं. डोक्यानं नाही.”

तो छान हसला... पण माझ्याकडे बघून नाही! चष्मे लावून ठेवलेल्या पुतळ्याकडे बघून. अहो, काही म्हणजे काही दिसत नव्हतं त्याला. मी त्याच्या कोपराला धरून खुर्चीवर बसवलं, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

नऊ वर्षं मी त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते आणि फ्रेममध्ये बसवत होते. त्याच्या काचा शाबूत होत्या, फ्रेमच तेवढी बदलली. “एक जादा जोडही करून द्या,” म्हणत त्यानं डॉक्टरांचा कागद पुढे केला. नंबर जुन्या पद्धतीनं लिहिला होता, तो मी आमच्या पद्धतीनं फिरवून घेतला. उणे आठात अधिक दीड, उणे साडेसहा. पुढचं चिन्ह उलटं. कोन नव्वद अंशांनी वळवायचा.

चष्मा नाकावर चढताच तो त्या चिठ्ठीवर वाकला. “हे तुम्ही तोंडी केलंत?”

“रोजचंच आहे.”

“हे बीजगणित आहे.”

“छे हो! हे चष्म्याचं आहे. बीजगणितात मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात. दहावी तिथेच राहिली माझी.”

मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. नव्या फ्रेममधून, पहिल्यांदाच... आणि म्हणाला, “रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत या. मी मोठ्या माणसांना दहावीचं गणित शिकवतो. फी नाही.”

“एकतीस वर्षांची आहे मी.”

“मग वर्गात सगळ्यात लहान तुम्हीच.”

तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. दिवसभर रेघा मारायचा, बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी शिकवायचा. शनिवारपर्यंत माझ्यासाठी तो ‘तो’ होता. रविवारपासून ‘सर’ झाला.

पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, “का शिकायचंय?”

ट्रक चालवणारे काका उठले. “माझी नात म्हणते, आजोबा, तुम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही गप्प बसा. मला गप्प बसायचं नाहीये.” सगळे हसले. दवाखान्यातल्या मावशींना बढती हवी होती. मी सांगितलं, “दहावी झाले की मालक मला डोळे तपासायच्या कोर्सला पाठवणार आहेत.” ते अगदी खरं होतं. त्या दिवशी तरी खरं होतं. तीन महिन्यांनी विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं.

कारण तीन महिन्यांत माझं पुरतं वाटोळं झालं होतं. सर खडू बोटांत फिरवायचे तिकडे माझं लक्ष. उत्तर बरोबर आलं की ते नुसती मान हलवायचे, आणि त्या एवढ्याशा मानेसाठी मी पहाटे उठून गणितं सोडवायचे. एका बुधवारी ते भिजून आले, चष्मा ओलाचिंब, आणि खिसे चाचपायला लागले. मी न विचारताच त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला, माझ्या मऊ फडक्यानं पुसला आणि परत लावून दिला. बोटं त्यांच्या कानाला लागली...

“रोजचंच आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

मागून काका खाकरले. “आमच्यापण चष्म्यावर पाणी पडलंय म्हटलं!”

सर आठवडाभर माझ्याशी डोळ्याला डोळा न भिडवता शिकवत होते. पण वर्ग सुटला की जिन्यात त्यांची पावलं माझ्या पावलांइतकीच हळू पडायची. कोपऱ्यापर्यंत आम्ही गणितावरच बोलायचो आणि कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभे राहायचो. एकदा ते म्हणाले, “परीक्षा होऊ दे. निकाल लागला की मला तुमच्याशी जरा...”

“जरा काय?”

“काही नाही. निकाल लागू दे.”

एवढं स्पष्ट बोलला होता बिचारा! पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. वर्गाचा नियम असा, की पास झालेल्यानं खुर्ची सोडायची. खाली नव्या लोकांची यादी ताटकळलेली असायची. वहिनीनं माझी वेणी घालताना चिडवलंच, “पास झालीस की बुधवार संपले गं तुझे. मग एवढं नटून जायचं कुठं?” ती गंमत करत होती. मी ती मनावर घेतली. दोष तिचा नाही, अक्कल माझी गहाण पडली होती.

गणिताचा पेपर सगळा आला मला. अगदी सगळा! अर्धा तास उरला होता. मी गुण मोजले, ऐंशीच्या आसपास भरत होते. पासाला पस्तीस लागतात. मग मी पेन घेतलं आणि एकेका बरोबर उत्तरावर आडवी रेघ ओढत गेले... किती ठेवायचं, किती खोडायचं, हिशेब करकरून. नापास व्हायलाही गणित यावं लागतं, आणि सरांनी ते मला चांगलं शिकवलं होतं. आणखी एक वर्ष मिळेल, एवढंच वाटत होतं. परीक्षेच्या शाळेचा जिना उतरताना हसू येत होतं मला. आज वाटतं, कुणीतरी त्या जिन्यात माझ्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

निकालाच्या दिवशी काकांना छत्तीस मिळाले. ते बाकावर चढून नाचले. मावशी रडल्या. सगळे पास झाले आणि मी एकटी सत्तावीसवर.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुठं अडलं?”

“सगळं विसरले ऐनवेळी,” मी म्हटलं. तोंडावर! डोळ्यांत डोळे घालून!

“तुम्हाला सगळं येत होतं,” ते म्हणाले. “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मनात म्हटलं, वर्षभरात कधीतरी सांगू, हसत हसत.

पुढच्या बुधवारी काका दुकानात आले, त्यांचा चेहरा उतरला होता. “पोरी, सर चालले गं. बढतीची बदली चार वर्षं नाकारत होते, ती घेतली. म्हणतात, मला शिकवता येत नाही हे कळलं.”

मी दुकान तसंच टाकून धावले. कचेरीत सर नकाशे गुंडाळून नळ्यांत भरत होते. मी एका दमात सगळं ओकले. रेघा, सत्तावीस, खुर्ची, बुधवार, सगळं.

त्यांनी हातातली गुंडाळी टेबलावर ठेवली.



“मी तुमचा पेपर रोज रात्री मनात तपासतोय,” ते म्हणाले. “कुठलं गणित नीट समजावलं नाही, कुठं घाई केली... आणि तुम्ही—”

“मला तुम्ही हवे होतात!” मी म्हटलंच शेवटी. “पास झाले असते तर कुठल्या नात्यानं आले असते?”

“विद्यार्थिनीला विचारायचं नसतं म्हणून थांबलो होतो मी. निकालाच्या संध्याकाळी विचारणार होतो.” त्यांनी टेबलावरची गुंडाळी नळीत खुपसली. “आईलाही सांगून ठेवलं होतं.”

“मग... आता विचारा.”

त्यांनी मान हलवली. नकाराची. “आज मी रागात आहे. रागात असलं काही विचारू नये. तुम्ही वर्ष फेकून दिलंत हो, आणि यादीतल्या एकाची खुर्चीही अडवून बसणार होतात. राग जाऊ दे माझा.”

ते गेले. मी त्यांचा राग जायची वाट बघत बसले. फोन मीच करायला हवा होता, माफीही मीच मागायला हवी होती. पण वाटायचं, रिकाम्या हातानं कशी करू? पास होऊ आणि मगच करू. ते निकालासाठी थांबले, मीही निकालासाठीच थांबले. दोघांची अक्कल एकाच दुकानातली!

पुन्हा फॉर्म भरला. वर्गात गेले नाही, खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळू दे म्हटलं. घरीच बसायचे. सुरुवातीला वहीवर गणितं कमी आणि टिपं जास्त पडायची. मग एका सकाळी एक अवघड उदाहरण घेतलं, चार वेळा चुकलं, पाचव्यांदा उत्तर आलं आणि मी एकटीच खुदकन हसले. घड्याळ पाहिलं तर तास उलटला होता. त्या तासात मला सरांची आठवण एकदाही आली नव्हती. हे कळलं तेव्हा मात्र ढसाढसा रडले. त्यांनी मान हलवावी म्हणून नव्हे, मला जमतंय म्हणून मी शिकत होते. हे वर्षभर आधी कळलं असतं तर त्या पेपरवर एकही रेघ ओढली नसती.

एक्याऐंशी मिळाले. दुकानातूनच फोन लावला.

“सर, मी बोलतेय. चष्म्याच्या दुकानातून... एक्याऐंशी!”

“काय सांगता!” ते ओरडलेच. “शेवटचं उदाहरण? वर्तुळाचं? कसं सोडवलंत?” मी सांगायला लागले. ते ‘हं, हं, बरोबर’ म्हणत होते, अगदी तस्सेच. राग कधीच गेला होता, आवाजावरून कळत होतं. मी श्वास घेतला. आता म्हणायचं—

तेवढ्यात तिकडून बाईचा आवाज आला, घरातल्या माणसाचा असतो तसा. “अहो, कोणाचा फोन?”

“माझी विद्यार्थिनी!” सर तिला म्हणाले. केवढा अभिमान होता त्या आवाजात! “अगं, गणितात एक्याऐंशी!” मग मला म्हणाले, “लग्न झालं माझं, गेल्या महिन्यात. कळवणार होतो तुम्हाला... तुम्ही फोन कराल असं वाटत होतं, बरेच महिने.”

“अभिनंदन, सर.”

“आता कोर्स ना? सोडू नका हं. शिकत राहा.”

“हो सर.”

फोन ठेवला आणि हुंदका आवरेना. समोर खुर्चीत डोळे तपासायला आलेल्या एक आजी होत्या, माझ्या हातात त्यांचा कागद होता. त्या घाबरून उठल्याच. “अगं बाई! एवढा वाढलाय का माझा नंबर?”

“नाही हो आजी,” मी डोळे पुसत म्हटलं. “मी पास झालेय.”