कासवाची मान

अरे बसा रे, जहाज काही एवढ्यात येत नाही. वोर्वोर, पाय आवर, मला समोरची वाळू मोकळी हवीये. लेसिनचं सांगतो. माझ्या बहिणीचं. आजवर कुणाला सांगितलं नाही, मामा सोडून.

कालो, तू शहरात वाढलास म्हणून आधी एवढं ऐक. आमच्याकडे पोरांना वाळूत चित्रं काढायला शिकवतात. आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी, मग एकच रेघ, बोट न उचलता, जिथून निघाली तिथेच परत. बाकीची चित्रं आली नाहीत तरी चालतं, पण कासव यायलाच पाहिजे. कारण माणूस मेला की आमच्या धुमसत्या डोंगराच्या वाटेला लागतो, आणि त्या वाटेवर म्हातारी बसलेली असते. ती राखेत कासव काढते, तळहातानं अर्धं पुसते आणि म्हणते, पुरं कर. केलंस तर जा पुढे. नाही केलंस तर...

"तर खाते," वोर्वोर म्हणाला.

गप रे. हसायचं नाहीये यात.

तर लेसिन आठ वर्षांची. नुसती मागे मागे. दादा कासव शिकव, दादा कासव शिकव. मी बोट फिरवायचो आणि ती आपली तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवून बसायची, म्हणजे हात कसा वळतो ते कळतं म्हणे. सगळं शिकवलं. फक्त मानेपाशी रेघ उजवीकडून खाली जाते ना, तिथे मी डावीकडे शिकवली. मुद्दाम. डावीकडे गेलं की रेघ अडकते, पुढे जायला वाटच नाही. नव्या कोनफळांच्या सणाला ती सगळ्यांसमोर काढणार, अडकणार, आम्ही हसणार. एवढंच होतं रे डोक्यात.

अडकली. आम्ही हसलो. वोर्वोर, तूही होतास, तू तर झाडाला धरून हसत होतास. तिनं बोट उचललं नाही. तसंच रुतवून बसली आणि म्हणाली, "दादा, तूच असं शिकवलंस ना?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो, वेडे."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. समुद्र एवढा खवळलेला की दवाखान्याला न्यायला होडी बाहेर काढता येईना. आईनं पानांचा काढा दिला, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. तापात तिचं बोट चटईवर फिरत होतं. मला वाटलं, खाजवतेय.

चौथ्या दिवशी गेली.

ती गेल्यापासून पाचव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गाव आमच्याकडे. पहाटे डोंगरानं राख टाकली होती, नेहमीसारखीच, बोटभर. मी लापलापचा किसलेला कंद गुंडाळून भाजायला केळीची पानं आणायला दार उघडलं, तर उंबऱ्यासमोर राखेत कासव. अर्धं. उजवी बाजू तळहातानं पुसल्यासारखी गुळगुळीत. डावीकडून रेघ येत होती, मानेपाशी डावीकडे वळून थांबली होती. शेवटी बोटाचा खड्डा. छोटासा.

पावलं नव्हती. कोंबडीचीसुद्धा.

मला राग आला. म्हटलं हे वोर्वोरचं काम. खरंच, तुला मारायलाच निघालो होतो मी. पायानं सगळं पुसून टाकलं.

सहाव्या दिवशी परत. सातव्या दिवशी परत. तेच वळण, तोच खड्डा, फक्त रोज जरा जास्त खोल. जोर लावून लावून होतो ना, तसा. आठव्या दिवशी मी उजाडायच्या आधीपासून दारात बसलो. समोर राख सपाट, मी स्वतः झाडून सारखी केलेली. कुत्रं कुंईकुंई करायला लागलं म्हणून त्याच्याकडे मान वळवली. परत पाहिलं तर होतं.

मग बोंगमामाला बोलावलं. आईचा थोरला भाऊ, त्याच्याइतकी चित्रं गावात कुणाला येत नाहीत. तो उकिडवा बसला.

"कुणी शिकवलं तिला?"

"मी."

"असं?"

मी म्हटलं, हो, मुद्दाम. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"म्हातारी दहाव्या दिवसापर्यंत थांबते," एवढंच म्हणाला.

"मग मी काय करू मामा? तिला आता कुठून शिकवू?"

"जिथे अडलीय तिथून."

दहाव्या दिवशी राख दाट पडली होती. खड्डा एवढा खोल की खालची काळी माती दिसत होती. मी त्यावर बोट टेकवलं. माझं बोट आत मावत नव्हतं.

आणि मनगटावर वजन आलं.

तीन बोटांचं.

मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "उजवीकडे, लेसिन. खालून. सावकाश." मान झाली. पाय झाले. पाठ. शेपटी. बोट उचललं नाही. रेघ सुरुवातीला येऊन मिळाली आणि वजन गेलं.

मागे मामा उभा होता. तो तसाच गेला आणि त्यानं शेवटच्या जेवणासाठी डुक्कर मारायला सांगितलं. आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली. अकराव्या दिवशी राख सपाट होती. त्यानंतरही रोज सपाट.

"मग झालं की चांगलं," कालो म्हणाला. "तू काढून दाखव ना एकदा ते कासव."

दाखवतो. त्यासाठीच तर जागा मागितली.

ही जाळी. ही रेघ. पाठ, पाय... आता मान. बघ हं, मला माहितीये उजवीकडे जायचंय. तोंडानं म्हणतोय, उजवीकडे.

बघितलंस?

डावीकडे. रोज. मामा हात धरतो तरी डावीकडेच. चौदा महिने झाले. आता मामा शिकवत नाही, नुसता बघतो आणि विचारतो, म्हातारीपुढे तू अडलास तर तुझ्या मागे कोण आहे रे शिकवायला?

ते बघा, जहाज दिसतंय. चला. अरे वोर्वोर, पाय बघून टाक! पुसायचं तर सगळं पूस. अर्धं नको ठेवूस.