बरगडीआड

"पांढरा शर्ट नको, धुता धुता माझा जीव जातो," नेत्याची बायको म्हणाली.

"मग मंत्र्यानं काय काळं घालून सभेला जायचं?" तो हसला आणि पांढराच चढवला.

मंत्रिपद कालचं. त्याआधी तो कोळसा खणायचा. एकदा खाणीचं छत कोसळून पाळीवरची सगळी माणसं गाडली गेली आणि हा पठ्ठ्या एकटाच वर आला. अंगावर साधा ओरखडाही नाही.

मग संप पेटला. मालकाच्या गुंडांनी फाटकावर त्याच्या टाळक्यात सळई घातली, तर सळईच वाकली. दुसरी शेजारच्या फिटरला बसली. त्याची कवटी नारळासारखी फुटली. पोलिसांनी याला गुरासारखं बडवलं, लाठ्या मोडल्या, हा उभाच. "लोखंडाचा माणूस!" म्हणत कामगारांनी त्याला डोक्यावर घेतलं. आधी युनियन, मग निवडणूक.

बायकोनं मात्र ते कपडे धुतले होते. फाटलेल्या कडांना रक्त कधीच नसायचं. नुसती काळी भुकटी. तिनं कुणापाशी ब्र काढला नाही.

त्या दुपारी ती पहिल्या रांगेत बसली होती. एकजण हात मिळवायला मंचावर चढला आणि त्यानं नेत्याच्या बरगडीत मुठीपर्यंत सुरा खुपसला. उपसला. पुन्हा खुपसला.

लोकांनी हल्लेखोराला खाली खेचलं. लाथा, खुर्च्या, विटा. पांगले तेव्हा चेहरा म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

नेत्यानं घोटभर पाणी पिऊन भाषण पुरं केलं. टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर तो खाटेवर आडवा झाला.

"डॉक्टरांना बोलावते."

"नको. दार लाव."

तिनं बटणं सोडली. जखम कोरडी होती, ओठांसारखी उघडी. आत मिट्ट काळोख. त्यातून गार, दमट वारा तिच्या मनगटावर आला.

आणि ठोके.

ठक. ठक. थांबून, पुन्हा ठक.

दरडीमागे अडकलेली माणसं दगडावर ठोकतात, तसे.

"कोण आहे?" तिनं जखमेवर वाकून विचारलं.

"रोजचंच आहे." त्यानं डोळे मिटले. "फक्त उत्तर देऊ नकोस."

पण तिचं बोट त्याच्या बरगडीवर आधीच दोनदा वाजलं होतं.

ठोके थांबले.

मग आत कुदळी चालू लागल्या, तिच्या बोटाच्या दिशेनं.