पासष्ट ग्रॅमची भोरडी

कापडी पिशवीतली भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, काट्याला टांगली आणि पक्षीतज्ज्ञ इरावती म्हमाणेंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पासष्ट ग्रॅम. तीन आठवड्यांपूर्वी हिच्या पायात खुणेची कडी घातली, तेव्हाही पासष्टच!

चैत्रात उत्तरेला निघण्याआधी पाखरे अधाशासारखी खाऊन चरबी साठवतात. सोलापूरच्या या माळावर उतरलेल्या बाकीच्या भोरड्या चांगल्या गुटगुटीत झाल्या होत्या. ही एकटीच उपाशी, आणि तरी उडताना सगळ्यांच्या पुढे.

सकाळच्या फेरीला आलेले बारा पक्षीवेडे गळ्यात दुर्बिणी अडकवून भोवती जमले. बाईंचा जुना विद्यार्थी, यंत्रज्ञ शिवलिंग हत्तुरे, मात्र पाखराकडे न बघता बाईंच्या हातांकडे बघत होता. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होते. 'थवा पूर्णपणे जंगली आहे' या दाखल्यावर आज बाईंची सही व्हायची होती, आणि तिच्यावरच माळाचे संरक्षण टिकणार होते. चाळीस वर्षांत त्यांनी खोट्या नोंदीखाली सही केली नव्हती, आणि याचा त्यांना भारी ताठा होता.

"सोडा की ओ बाई तिला," हत्तुरे म्हणाला. "थवा आजच निघणार."

"तुला रे कसं ठाऊक?"

बाईंनी चरबी बघायला पोटावरची पिसे फुंकून बाजूला केली. खाली बारीक शिवण होती. नखाने त्यांनी ती उसवली. आतली एक तार तुटली आणि भोरडीची मान लुळी पडली.

"यंत्रपक्षी!" बाई विजयाने ओरडल्या. "माळासाठी खोटा थवा केलास?"

"थवा खराय, बाई. आठशेच्या आठशे." हत्तुरेने लुळी भोरडी हातात घेतली. "प्रत्येक भोरडी शेजारच्या सातजणींकडं बघून वळते. म्हणून वाट एकीला ठाऊक असली तरी पुरतं. वाट जाणणाऱ्या म्हाताऱ्या गेल्या साली तिकडं उत्तरेत फवारणीत मेल्या. उरली ती पिल्लं. हिनंच आणलं त्यांना इथवर. सांगितलं असतं, तर सही केली असती तुम्ही?"

"नसती." बाईंचा आवाज खाली आला. "दुसरी कर."

"सहा महिने लागतात. इथले टोळ, यांचं खाणं, पंधरा दिवसांत संपतील."

थवा उत्तरेला निघावा म्हणून, ज्वारी राखताना घालतात तसे बाईंनी हाकारे घातले, टाळ्या पिटल्या. थवा उठला, माळावर एक घिरटी घालून पुन्हा तिथेच उतरला.

आता त्यात एकही यंत्र नव्हते. बाईंना दाखल्यावर खुशाल सही करता येणार होती.