सबवूफरला लागलेली धाप

पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. मी थापा मारतो असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण ही गोष्ट ऐकून घ्या.

आपट्याहून चंद्रावतीबाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीची, भाविकाची, हळद. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणणारी, सदा मशेरी लावणारी सोनामावशी चैत्रात वारली, आणि गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. मावशीचा आवाज मोबाइलवर भरलेला होता, तोच लावायचा असं ठरलं होतं. पण घरच्या सबवूफरमधून मधेमधे हवा फुसफुसायची. पाहुण्यांसमोर हे नको, त्यापेक्षा नुसता डीजे लावू, असं घरातले पुरुष म्हणत होते.

"भाऊ, मावशीच्या धवल्याबिगर माज्या पोरीला हलद लावाची नाय," बाई म्हणाल्या.

हळदीच्या दिवशी दुपारी पोचलो. पडदे ओढलेले, घर गार, वाटलेल्या हळदीचा ओला वास. आता सबवूफरच्या खोक्याला हवा आतबाहेर करायला एक नळी असते. बेस जड झाला की हवा तिच्या तोंडाशी घासते आणि फुसफुसते. म्हणून आधी नुसता बेस वाजवून पाहिला. नळी गप्प. मग धवला लावला. म्हातारीचा बारीक आवाज, त्यात बेस कुठला? तरी प्रत्येक ओळीआधी… फुस्स.

नळीशी उदबत्ती धरली. एरवी धूर तिथल्या तिथे थरथरतो. हा सरळ आत गेला, आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू बाहेर आला. पुढची ओळ, पुन्हा आत. स्पीकरच्या कागदी कोनावर, जो हलला तरच हवा हलते, बोट टेकवलं. तो हलतच नव्हता.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण माझी खोड वाईट. नव्या स्पंजचं पाकीट फोडलं आणि तो नळीत कोंबला.

फुसफुस थांबली. चंद्रावतीबाई हसल्या. तिसऱ्या ओळीला मावशीचा आवाज खरखरला, चौथीला चिरकला, पाचवी अर्ध्यावर तुटली. मोबाइलवर सेकंद पुढे सरकत होते, आवाज मात्र नव्हता…

"काढा तो, भाऊ," बाई कुजबुजल्या. "तिला दम घेऊ द्या…"

स्पंज उपसला. खोक्याने असा श्वास ओढला की उदबत्तीचं टोक लालभडक झालं. आणि मावशीने तुटलेली ओळ पहिल्या शब्दापासून पुन्हा धरली.

हळद तशीच झाली, नळी उघडी ठेवून. बायका मागून म्हणत होत्या आणि फुस्स झालं की त्याही श्वास घेत होत्या. मी जेवूनच निघालो.

घरी पिशवीतून स्पंज काढला. कोंबताना कोराकरकरीत होता. आता ओला होता, आणि त्याला मशेरीचा वास येत होता. पिळून उन्हात टाकला. महिना झाला, रोज टाकतो. संध्याकाळी उचलायला जावं तर ओलाच असतो… आणि कोमट.